वाघाचे डोळे मी केले

अहो,

सुरुवातीला 'प्रिय' लिहून बघितलं आणि खोडलं. एकतीस वर्षांच्या संसारात तुम्हाला एकदाही प्रिय म्हटलं नाही. आता म्हटलं तर तुम्ही मागे वळून बघाल, ही कुणाशी बोलतेय म्हणून! त्यापेक्षा आपलं नेहमीचंच बरं. अहो, ऐकताय ना?

काल वाघबारस झाली. पाड्यावरचे सोमाबाबा आणि मंडळी येऊन तुमचा लाकडी वाघ घेऊन गेली. त्याला डोळे न करताच तुम्ही गेलात. ते मी केले. हो, मी! तुमच्या पटाशीने, तुमच्याच बाकड्यावर बसून. ही बातमी दुसऱ्या कुणाकडून तुमच्या कानावर जायच्या आत मीच सांगावी, म्हणून सकाळचा चहा झाल्याबरोबर लिहायला बसलेय. वैशूला म्हटलं, आज करंज्यांचं तू बघ. पोरीने दोन कढईत फोडल्या वाटतं, मघापासून तेल तडतडतंय. पण मी उठणार नाही.

आधीच सांगून टाकते, डावा डोळा बिघडलाय. रागवायचं नाही.

तुम्हाला पहिल्यांदा बघितलं ते आठवतं का? मला लख्ख आठवतं. माझे बाबा शहापूरला लाकडाच्या वखारीत मुकादम. डहाणूच्या बाजूने होड्या बांधणारे सुतार लाकूड निवडायला यायचे, त्यात तुम्ही. सगळे सुतार सरळसोट ओंडक्यांभोवती गर्दी करायचे आणि तुम्ही मागे टाकून दिलेली वाकडीतिकडी लाकडं उलटी-पालटी करत बसलेले. मी बाबांचा डबा घेऊन आले होते. मला वाटलं, बिचाऱ्याला परवडत नसेल. बाबांना म्हटलंसुद्धा तसं. तर बाबा म्हणाले, "अगो, त्याला सगल्यात जास्त कलतंय. होडीच्या बरगड्या वाकड्याच लागतात. लाकूड मुळातच वाकलेलं असलं का ते पान्यात तुटत नाय."

तुम्ही वर बघितलंत, हसलात, आणि माझ्यासमोर एक वाकडी फांदी धरून म्हणालात, "ही बघा, हिला आत्ताच होडीत जाऊन बसायचंय." मला हसावं की पळावं कळेना.

पुढे लग्न झालं आणि तिकडे होड्या फायबरच्या यायला लागल्या. तुमच्या वडिलांच्या शेडमध्ये तीन भाऊ आणि काम एकाचं. मग तुम्ही इकडे आलात, माझ्या माहेरी. घरजावई म्हणून लोक काय कमी बोलले? तुम्ही नुसतं ऐकून घ्यायचात. मी मात्र भांडायचे. एकदा विहिरीवर भांडून घागर तिथेच विसरून आले होते, ती तुम्ही गुपचूप घेऊन आलात.

आणि त्या पहिल्या पावसाळ्यात तुम्ही काय केलंत! काम नाही, हात स्वस्थ बसत नाहीत, म्हणून अंगणात होडी बांधायला घेतलीत. समुद्र कुठे, आपण कुठे! सगळा गाव बघायला लोटला. दाजीकाकांनी होडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "जावई, होडी झ्याक झाली. पन पानी कंचं?" तानसाचा तलाव जवळ आहे, पण तिथे कोण आपल्याला होडी घालू देतंय? मी लाजेने दोन दिवस घराबाहेर पडले नाही. तुम्ही मात्र खुशीत. शेवटी त्या होडीत आपण दोन वर्षं भात भरून ठेवलं. एवढ्या पावसात एका दाण्याला ओल लागली नाही, तेव्हा दाजीकाकांचं तोंड बंद झालं.

आता तीच होडी आपल्या दुकानात पालथी आहे आणि तिच्या पाठीवर तुमच्या मूर्ती मांडल्यात. गिऱ्हाईक आलं की पहिला हात तिच्यावर फिरवतं. मूर्ती मागाहून बघतं.

तुम्ही मूर्तिकार झालात ते म्हशाच्या जत्रेत, हे वैशूला मी कितीदा सांगितलं, तरी परवा परत विचारत होती. म्हटलं बस, ऐक. बाबांच्या सांगण्यावरून तुम्ही जत्रेत विकायला पोळपाट, लाटणी आणि बैलांसाठी जू घेऊन गेला होतात. सोबत गंमत म्हणून कोरलेले सात लाकडी बैल. खांदे असे भरलेले की हात लावला तर हलतील. पण एकालाही डोळे नाहीत! एक शेतकरी खरा बैल घ्यायला आलेला. त्याने तुमचा बैल उचलला, उलटा केला, आणि सगळ्यांदेखत ओरडला, "आंधला बैल इकतंय कोन रं हा?" लोक खो खो हसले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

तुम्ही शांतपणे म्हणालात, "कुठे नेणार त्याला? ते सांगा, मग डोळे करतो."

तो म्हणाला, "देवाजवल ठेवीन."

"देव कुठल्या बाजूला?"

"उगवतीला."

आणि तुम्ही तिथल्या तिथे पटाशी काढलीत. चार टोले इकडे, चार तिकडे. बैल एकदम त्या माणसाच्या उजव्या खांद्यावरून पलीकडे बघायला लागला. तो माणूस चक्क मागे वळून बघायला लागला, काय आहे म्हणून! सातही बैल संध्याकाळच्या आत गेले. लाटणी मात्र तशीच परत आली, ती अजून माझ्या स्वयंपाकघरात आहेत.

घरी येताना मी विचारलं, की आधीच डोळे करून का नेले नाहीत? तेव्हा तुम्ही सांगितलंत. तुमच्याकडे होडीला डोळे रंगवतात ते अगदी शेवटी, काठावर नेल्यावर. "शेडमध्येच डोळे रंगवले तर ती उभ्या उभ्या पाण्याकडे बघत राहते, मंदे. तिला त्रास होतो. जायची वेळ झाली की मगच उघडायचे." मला ते खुळ्यासारखं वाटलं.

तेव्हापासून तो आपला रिवाजच झाला. महामार्गाच्या कडेला दुकान घेतलं, मागेच राहायचं घर, तुम्ही पाटीवर 'कलादालन' लिहून आणलंत. मी म्हटलं, हे काय मोठ्या लोकांसारखं! तर म्हणालात, "आपण काय बारके आहोत?" नाशिकला जाणारे लोक थांबायचे, आत यायचे आणि दचकायचे. एवढी माणसं, जनावरं, पक्षी, आणि एकालाही डोळे नाहीत! मग तुम्ही विचारायचात, कुठे ठेवणार, खिडकी कुठे, बसणार कुठे. आणि त्यांच्यासमोर डोळे करायचात. किती जण डोळे पुसत गेले, मी मोजले नाहीत. एक बाई तर म्हणाल्या होत्या की बाजारातून वस्तू आणतात, इथून मात्र कुणालातरी घरी घेऊन निघाल्यासारखं वाटतं.

पण तुम्ही सगळं श्रेय घेतलंत हां! माझं काम कुणाला सांगितलंत? पॉलिश पेपर मी घासायचा, जवसाचं तेल मी चोळायचं, ते जाऊ दे. पण प्रत्येक डोळ्याच्या वेळी मला चुलीपुढून उठवून आणायचात. "मंदे, तिकडे उभी राहा. कुठं बघतोय गो?" आणि मी हात पुसत सांगायची, डावा थोडा वर, उजवा जरा आत. भात लागायचा, दूध उतू जायचं. मी चिडून काहीतरी सांगितलं की तुम्हाला लगेच कळायचं. "नीट बघून सांग. तो जाणार आहे, परत नाय येणार."

आणि एवढं सगळं करून माझीच मूर्ती आंधळी! वैशू शाळेत जायला लागली त्या वर्षी तुम्ही शिवणीच्या लाकडातून ती केलीत. सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडत बसलेली. नाक माझं, मानेचा बाक माझा, पायातलं जोडवंसुद्धा सुटलं नाही. फक्त डोळे नाहीत. किती भांडले मी! सगळ्या जगाला डोळे आणि बायकोला ठेंगा? गिऱ्हाइकांनी कितीदा मागितली ती. तुम्ही ठरलेलं एकच सांगायचात, "ती कुठं जाणार नाही, म्हणून डोळे केले नाहीत." मला वाटायचं, कंटाळ्याला छान कारण शोधलंय.

मग श्रावणात तुम्ही दुपारचे जेवून आडवे झालात आणि उठलाच नाहीत. न त्रास, न आवाज. लोक म्हणतात, चांगलं मरण. असेल. पण मला न विचारता गेलात, त्याचा राग आहे. बाजाराला निघालात तरी दोनदा सांगून जायचात.

नंतरचं आता खरं सांगते. मी दुकान बंद करायला निघाले होते. वैशूने काही चुकीचं केलं नाही, तिला उगाच बोल लावू नका. ती म्हणाली, आई, कल्याणला चल, एकटी इथे काय करणार? मला पटलं. तुमच्या हातच्या एकेचाळीस मूर्ती दुकानात, सगळ्या बिनडोळ्यांच्या. विकायच्या कशा? मग वैशूनेच एक व्यापारी शोधला. सगळ्या एकदम नेतो म्हणाला. मी विचारलं, डोळ्यांचं काय? म्हणाला, "काकी, टेन्शन नको. मशीनवर करून घेऊ. एका दिवसात सगळ्यांना सेम टू सेम."

मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू? हो म्हटलं, आणि त्या दिवशी जेवण गेलं नाही. भाऊबीज झाली की येतो म्हणाला.

परवा सोमाबाबा आले. त्यांना तुम्ही होळीत शब्द दिला होता. पाड्याची राखण करणारा शिवेवरचा जुना वाघोबा वाळवीने खाल्ला, नवा वाघबारशीला उभा करून देतो म्हणाला होतात. तुमचा वाघ तर तयारच होता. वर चांद-सूर्य, खाली वाघ, सागाच्या वाकड्या ओंडक्याचा बाक तसाच त्याच्या पाठीत घेतलेला. वैशू म्हणाली, बाबा, तुमचा आहे, तसाच न्या.

सोमाबाबा वाघासमोर उकिडवे बसले. खूप वेळ बघितलं. मग म्हणाले, "आंधला वाघ शिवंवर कसा उभा करू गो पोरी? बिबट्या फिरतंय तिकडं. त्याला कलाया नको, हितं कोन बसलाय त्ये?"

वैशू म्हणाली, "व्यापाऱ्याला सांगून मशीनवर करून देऊ, आठ दिवसांत."

"वाघबारस उंद्या हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मंदाबाय, तू कर."

मी हातच जोडले. म्हटलं, बाबा, मला जमायचं नाही. मी कधी पटाशी धरली नाही. तर म्हातारा म्हणतो कसा, "पटाशी नाय धरली, पन डोलं तर तूच सांगीत व्हतीस. मी दारात बसून आयकलंय ना. हरेश्वर खोदायचा, बघायची तर तू."

अहो, एवढ्या वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं. तुम्हीसुद्धा नाही! मला एकदम रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. पदर खोचला आणि तुमच्या बाकड्यावर जाऊन बसले.

तुमची बारीक गोल पटाशी घेतली. मूठ तुमच्या अंगठ्याने झिजलेली, माझा अंगठा त्या खळग्यात पुरेना. आधी उजवा केला. पहिला टोला घालायला इतका वेळ लावला की वैशू म्हणाली, आई, राहू दे. पण झाला. बरा झाला! मग डावा. तिथे लाकडात गाठ होती, मला काय माहीत? मोगरीचा टोला बसला आणि पटाशी सटकली. पापणीची एवढी मोठी ढलपी उडून वैशूच्या पायाशी पडली.

तुमचं शेवटचं काम. पाच महिने त्याच्यावर बसला होतात. आणि मी दोन मिनिटांत वाट लावली. मी पटाशी टाकली आणि लहान पोरीसारखी हमसून रडले. वैशू मला धरून बसली, तीही रडायला लागली.

सोमाबाबांनी ढलपी उचलली, फुंकर मारून खिशात ठेवली. म्हणाले, "रडतीस कशाला? आमच्या जुन्या वाघाचा तर येक डोला वालवीनं कवाच खाल्ला व्हता. येका डोल्यावर ऱ्हायला उभा. ह्याला तर दोन हायेत. चल, उठ, बुबुल कर."

मी उठले. दुसरं काय करणार? दोन्ही बुबुळं खोदली. आणि हात थांबल्यावर, कसं झालं कोण जाणे, माझ्या तोंडून तुमचंच वाक्य निघालं. म्हटलं, "तिकडे उभे राहा. कुठं बघतोय?"

सोमाबाबा दारात जाऊन उभे राहिले. मान वाकडी केली, सरळ केली. "तुज्याकडंच बघतोय गो बाय. घरातल्या मांजरावानी. त्यानं रानाकडं बघाया पायजे."

वैशू खुदकन हसली. मीही. रडून सुजलेल्या तोंडाने आम्ही मायलेकी हसत बसलो. मग मीच दारात गेले, बघितलं, परत येऊन दोन टोले घातले, परत दारात. अशा किती फेऱ्या मारल्या! तुम्हाला मी लागायची ते का, हे तेव्हा कळलं. एकट्याने हे व्हायचं नाही. शेवटी वैशूला दारात उभी केली. ती म्हणाली, "आई, उजवा अजून थोडा बाहेर." अगदी बरोबर सांगितलं हो पोरीने! मी घातला टोला. वाघाने माझ्यावरची नजर काढली आणि दाराबाहेर, लांब बघायला लागला.

सोमाबाबांनी पायातल्या वहाणा काढल्या आणि हात जोडले.

काल मी आणि वैशू पाड्यावर गेलो होतो. वाघ खांद्यावरून नेला, पुढे पोरं ओरडत, एकाने अंगाला पट्टे ओढलेले. शिवेवर उभा केला, शेंदूर लावला, नारळ फुटला. तिथेच तांदळाची खीर शिजवली होती, मी दोनदा घेतली. श्रावणानंतर पहिल्यांदा पोटभर जेवले. डाव्या डोळ्यात शेंदूर भरला तर तुटलेली पापणी कुणाला दिसेना. एक म्हातारी मात्र निरखून बघत म्हणाली, "यो डोला मारतंय बघ!" बायका हसून लोळल्या. तुमच्या कामाला आजवर कुणी असं म्हटलं नव्हतं, मला माफ करा.

निघताना मी मागे वळून बघितलं. तो आमच्याकडे बघत नव्हता. रानाकडे बघत होता. मला फार बरं वाटलं, अगदी मनापासून सांगते.

तर आता ऐका. भाऊबीजेनंतर तो व्यापारी येईल, त्याला चहा देईन, करंजी देईन आणि हात हलवत परत पाठवीन. उरलेले सगळे एकेक करून जातील, ज्याच्या त्याच्या घरी, ज्याची त्याची खिडकी विचारून. डोळे मी करीन. थोडे वाकडे होतील, चालवून घ्या, तुम्हाला वाकडं आवडायचंच. दर रविवारी वैशू येईल आणि दारात उभी राहील, तिने स्वतःहून कबूल केलंय. तिची नजर चांगली आहे. माझ्यावर गेलीय.

काल घरी आल्यावर ती त्या तांदूळ निवडणारीजवळ थांबली. म्हणाली, "आई, आता तुझा हात बसलाय. हिचेही डोळे कर ना, किती दिवस रुसून बसणार?" मी पटाशी घेतली. तिच्या तोंडासमोर धरलीसुद्धा. आणि तशीच परत ठेवून दिली. वैशू म्हणाली, का गं?

म्हटलं, ती कुठं जाणार नाही.

दुकानातच आहे,
तुमची मंदा